दहावं माणूस

संक्रांतीला भाची येऊन गेली. धाकट्या बहिणीची मुलगी. येताना तिळगूळ आणला, स्वतःच्या गाळ्यातली भाजणीची चकली आणली आणि एक निळं फोल्डर आणलं. चकली उत्तम होती. आजचं लिहिणं त्या फोल्डरबद्दल आहे.

घरच्यांना ठाऊक आहे, इतरांसाठी सांगते. हिचा पुण्याच्या बाहेर फराळाच्या पदार्थांचा व्यवसाय आहे. स्वतःच्या स्वयंपाकघरात दोन बायका मदतीला घेऊन सुरुवात केली. आता दोन गाळे आहेत, पीठ मळायचं मशीन आहे, चकलीचं यंत्र आहे, तळणीच्या चार मोठ्या कढया आहेत. आठ बायका कामाला आणि माल पोचवायला टेम्पोवर एक मुलगा. दिवाळीत तर थेट अमेरिकेपर्यंत डबे जातात. मला तिचं फार कौतुक आहे. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी तिच्याशी भांडले आहे.

जेवणं झाल्यावर तिने फोल्डर उघडलं आणि म्हणाली, "मावशी, तुझं मराठी चांगलं आहे. मला एक करारपत्र लिहून दे ना."

"कसलं गं?"

"एक नवीन बाई घ्यायचीय. हात फार चांगला आहे तिचा. पण ती दहावी होते."

मला काही कळेना. दहावी होते म्हणजे काय? मी चाळीसेक वर्षं दहावीचे वर्ग घेतले, पण ही दहावी वेगळी निघाली. तिचे कागदपत्रं बघणारे जे सल्लागार आहेत त्यांनी तिला बजावलं होतं, "मॅडम, मस्टरवर नऊच्या वर नाव जाऊ देऊ नका. दहा झाले की मागे लागतं." म्हणून या बाईला पगारी न दाखवता उक्तं काम घेणारी म्हणून दाखवायचं. म्हणजे ती स्वतंत्र, हिची नोकर नाही. तसा कागद साध्या मराठीत करून त्यावर बाईची सही घ्यायची, एवढंच.

मी विचारलं, "ती येणार कधी?"

"नऊ ते सहा. सगळ्यांसारखीच."

"पीठ कोणाचं?"

"माझं."

"यंत्र?"

"माझंच की!"

"चकली मोडकी निघाली तर ओरडणार कोण?"

ती हसली. "मावशी, तू पण ना!"

मग उक्तं काय राहिलं त्यात? उक्तं काम म्हणजे सुताराला सांगितलं, हे कपाट एवढ्या रुपयांत करून दे. तो त्याच्या वेळेला येतो, त्याची करवत आणतो, उद्या दुसऱ्याकडेही जातो. ही बाई तुझ्या वेळेला येणार, तुझ्या यंत्रावर बसणार, तुझं ऐकणार. ती तुझी कामगारच झाली. मी कितीही शुद्ध मराठीत लिहिलं तरी ते खोटंच राहणार.

मी लगेच 'नाही' म्हटलं नाही. चष्मा शोधायच्या निमित्ताने आतल्या खोलीत गेले आणि जरा बसले. मला दोन जुन्या गोष्टी आठवल्या होत्या. एकीत मी सही करणारी होते. दुसरीत माझ्या घरचे सही घेणारे होते.

पहिली गोष्ट १९७२ सालची. बी.ए. झाले, बी.एड. झाले आणि एका खाजगी शाळेत लागले. शाळेचं नाव लिहीत नाही. पगाराच्या दिवशी वहीत आकडा असायचा २५० आणि हातात यायचे १६०. उरलेले ९० 'संस्थेच्या इमारतीसाठी'. सही मात्र पूर्ण २५०वर. पहिल्या महिन्यात मी चुकून मोजून बघितले, तर हेडक्लार्क म्हणाले, "बाई, मोजायचं नसतं." त्या वाक्याचा मला अजून राग येतो. नव्वद रुपयांचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते माझ्याच अक्षरात माझ्याविरुद्ध खोटा पुरावा तयार होत होता याचं. दोन वर्षांनी मला अनुदानित शाळा मिळाली आणि पुढे निवृत्त होईपर्यंत सगळं रीतसर झालं. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, पेन्शन. आज मी कोणापुढे हात न पसरता जगते ती त्या कागदांच्या जोरावर.

दुसरी गोष्ट सांगायला अवघड आहे. आमच्या घरचा छापखाना होता, हे सांगलीतल्या जुन्या लोकांना आठवत असेल. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, निवडणुकीत हँडबिलं. एक ट्रेडल, एक सिलिंडर मशीन आणि खिळ्यांच्या केसेस. आमचे मुख्य जुळारी होते, त्यांना सगळे नाना म्हणायचे. सातवी पास माणूस, पण माझ्या प्रश्नपत्रिकेतली ऱ्हस्वदीर्घाची चूक प्रूफ निघायच्या आधीच दुरुस्त करायचा. उलट्या अक्षरांत सुलट चूक दिसणारा माणूस तो!

छापखान्यात माणसं किती होती माहीत आहे? नऊ. कायम नऊ. हे म्हणायचे, "विजेवर चालणारं मशीन आणि दहा माणसं झाली की फॅक्टरी अ‍ॅक्ट लागतो, मग इन्स्पेक्टर दारात." कामाची घाई असली की दहावा यायचा, पण वहीत नसायचा. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करते. त्याच वर्षांत मी शाळेत मुलांना नागरिकशास्त्र शिकवत होते.

डीटीपी आलं, ऑफसेट आलं आणि १९९९ साली छापखाना बंद केला. नाना १९७७ पासून होते. बावीस वर्षं. शेवटचा पगार २,४०० रुपये. शेवटच्या दिवशी यांनी त्यांना शाल, श्रीफळ आणि ५,००१ रुपयांचं पाकीट दिलं. दोघांचेही डोळे भरून आले होते, मी होते तिथे. हे मनाने वाईट नव्हते. नानांच्या मुलीच्या लग्नाला दिलेली उचल यांनी कधी कापून घेतली नाही. गणपतीत नानांचं जेवण आमच्याकडे असायचं. "नाना आमच्या घरचेच" हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं आहे आणि शंभर वेळा म्हटलं आहे.

आता भाचीच्या निमित्ताने मी पुस्तकं काढली, ओळखीच्या एका कामगार वकिलांना दोनदा फोन करून विचारलं, तेव्हा कळलं ते असं. औद्योगिक विवाद अधिनियम १९४७चा. त्यात धंदा बंद झाला तर एक वर्षाहून जास्त काम केलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि केलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यायचा होता. आणि त्या भरपाईला दहा माणसांची अट नव्हती! नऊ असोत की चार, देणं होतंच. नुसती आर्थिक अडचण हे कारणही चालत नव्हतं. मी कागदावर मांडलं. पंधरा दिवसांचे १,२०० रुपये, गुणिले बावीस, म्हणजे २६,४००. अधिक नोटिशीचे २,४००. एकूण २८,८००.

आम्ही ५,००१ दिले होते. शालीची किंमत धरली नाही.

ही बेरीज मी तीनदा केली. कुठे चुकली असती तर बरं वाटलं असतं.

असो. भाचीकडे येते. तिला मी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी समोर बसवलं आणि म्हटलं, तुझ्या सल्लागारांनी 'मागे लागतं' म्हटलं, ते नक्की काय मागे लागतं ते एकेक करून बघू. भुताला लांबून घाबरण्यापेक्षा जवळ जाऊन बघावं.

आधी एवढं समजून घ्या की हे सगळं नुकतंच नव्याने मांडलं गेलं आहे. केंद्राचे एकोणतीस कामगार कायदे एकत्र करून चार संहिता केल्या. वेतनाची २०१९ची, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षितता या तीन २०२०च्या. चारही लागू झाल्या २१ नोव्हेंबर २०२५पासून. आपल्या राज्याचा दुकाने आणि आस्थापना अधिनियम २०१७चा, ज्याला अजूनही सगळे 'गुमास्ता' म्हणतात. त्यात नोंदणीसाठी आधी दहा माणसांची रेषा होती, ती २०२५च्या दुरुस्तीने वीसवर नेली. त्याखाली असाल तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची. म्हणजे गुमास्त्याच्या बाबतीत दहाची भीती आता उरलेलीच नाही.

मग दहाला काय लागतं? ईएसआय लागतं. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी मालकाने पगाराच्या सव्वातीन टक्के भरायचे, कामगाराचे पाऊण टक्का. हिशोबाला सोपं म्हणून १४,००० पगार धरू. मालकाचे ४५५ रुपये, बाईचे १०५. दहा बायकांचे मिळून मालकाला महिन्याला ४,५५०. हा आकडा ऐकून भाची गप्प झाली. तिला वाटत होतं वीसेक हजार जातील.

आणि त्यातून मिळतं काय? बाईला आणि तिच्या घरच्यांना औषधपाणी. आजारपणात काम बुडालं तर ठरावीक दिवस पगाराचा मोठा हिस्सा. बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची पगारी रजा असते ना, तिचे पैसे ईएसआयमधून मिळतात, मालकाच्या गल्ल्यातून जात नाहीत. जिच्याकडे आठ बायका कामाला आहेत आणि त्यातल्या तीन पंचविशीतल्या आहेत, तिला याचं महत्त्व मी समजावून सांगावं लागू नये. आणखी एक. कामावर अपघात झाला तर भरपाईचा भार ईएसआय उचलतं. ते नसेल तर तो भार मालकावर. मी तिला विचारलं, "पीठ मळायच्या मशीनवर तू कोणाला बसवणार होतीस?" ती म्हणाली, "तिलाच. म्हटलं ना, हात चांगला आहे." म्हणजे जिचं नाव कुठेच नाही तीच नेमकी यंत्रावर! देव न करो, पण त्या यंत्रात हात गेला तर उक्त्या कामाचा तो कागद काय कामाचा? न्यायालय कागदावरचं नाव बघत नाही, कामाची खरी तऱ्हा बघतं. वेळ कोणाची, हत्यार कोणाचं, हुकूम कोणाचा. मी तिला विचारले तेच प्रश्न.

दहाला दुसरी लागते ती ग्रॅच्युइटी. पाच वर्षं नोकरी झाली की प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिन्याचे सव्वीस दिवस धरून. १४,०००ला वर्षाचे साधारण ८,०७७ रुपये. मुदतीच्या करारावर घेतलेल्यांना नव्या संहितेत एका वर्षानंतरही ती मिळते. आणि इथे एक गंमत आहे, जी तिच्या सल्लागारांनी तिला सांगितलीच नव्हती. ग्रॅच्युइटीची मोजणी आजच्या मस्टरवर होत नाही. मागच्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी दहा माणसं कामाला असली तरी ती लागू होते, आणि एकदा लागू झाली की पुढे माणसं कमी झाली तरी सुटत नाही.

मी विचारलं, "दिवाळीत किती बायका होत्या गं?"

ती बोटं मोजायला लागली. मग म्हणाली, "पंधरा. सोळा असतील."

म्हणजे झालं! जी रेषा ओलांडू नये म्हणून माझ्याकडून खोटा कागद लिहून घ्यायला आली होती, ती रेषा तिने वसुबारसेच्या आधीच ओलांडली होती. हे ऐकून तिचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण हसूही आलं.

दहाला आणखी दोन गोष्टी येतात. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती नेमायची. दहाच्या आत असाल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, म्हणजे दहाच्या आतल्या बायकांना वाऱ्यावर सोडलेलं नाही. आणि प्रत्येकाला लेखी नियुक्तिपत्र द्यायचं. यात पैसे किती लागतात? कागदाचे.

प्रॉव्हिडंट फंड वीस माणसांना लागतो, बोनसही वीसला. तिथे ती अजून पोचलेली नाही. पोचो, असा माझा आशीर्वाद आहे.

आता एक-दोन माणसं असली तरी जे पाळायचंच ते. किमान वेतन. वेतन संहितेत माणसांच्या संख्येची अट नाही. आपल्याकडे त्यातला विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, तो बघत राहायला हवं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. जादा कामाला दुप्पट दर. पगारातून कापाकापी केली तरी ती निम्म्याहून जास्त नाही. आणि माणूस सोडून गेला किंवा काढलं, तर दोन कामाच्या दिवसांत त्याचा सगळा हिशोब चुकता.

या शेवटच्या कलमाशी भाची अडली. कारण तिच्याकडे, आणि तिच्यासारख्या पुष्कळांकडे, पंधरा दिवसांचा पगार दाबून ठेवायची पद्धत आहे. बाई दिवाळीच्या तोंडावर सोडून जाऊ नये म्हणून. ती म्हणाली, "मावशी, तुला काय सांगायला! ऐन सीझनला शेजारचा पाचशे रुपये जास्त देतो आणि दोघी जातात. माझ्या ऑर्डरी कोण पुऱ्या करणार? मला कोण भरपाई देणार?"

तिचं हे म्हणणं मी उडवून लावणार नाही. छोट्या मालकाची बाजू लिहिणारं कोणी नसतं. मोठ्या कंपनीत या कामाला स्वतंत्र खातं असतं. हिच्याकडे ही स्वतःच खातं, हीच खरेदी, हीच तळणीला उभी. रात्री अकराला पोर्टल उघडावं तर ते चालत नाही. नियम इंग्रजीत, परिपत्रकाचं मराठी असतं ते इंग्रजीहून अवघड. 'उपरोक्त', 'तद्नुषंगाने', 'विहित नमुन्यात'. पन्नास वर्षं मराठीत घालवलेल्या मला ती वाक्यं दोनदा वाचावी लागतात, मग बारावी झालेल्या माझ्या भाचीने काय करावं? ती सल्लागाराकडे जाते. सल्लागाराला पाळायचं कसं हे शिकवण्यापेक्षा टाळायचं कसं हे सांगणं सोपं पडतं, कारण टाळण्यात त्याला भरायचे अर्ज कमी.

शासनाला माझं सांगणं आहे. दहाच्या आत असाल तर काय, दहा झालात तर काय, वीस झालात तर काय, एवढं एका पानावर, पाचवीच्या मुलाला कळेल अशा मराठीत छापा आणि गुमास्त्याच्या पावतीबरोबर हातात द्या. नियुक्तिपत्राचा आणि पगाराच्या चिठ्ठीचा साधा नमुना त्यामागे छापा. निम्मी टाळाटाळ अज्ञानातून होते. उरलेली निम्मी लबाडीतून होते, तिच्यासाठी इन्स्पेक्टर ठेवा.

पण सगळं शासनावर ढकलून मी मोकळी होणार नाही. आपल्या माणसांतही एक खोड आहे. ती 'घरच्यासारखं' या शब्दात आहे. 'आमच्याकडे सगळ्या घरच्यासारख्या आहेत, कागद कशाला?' हे भाचीनेही म्हटलं. मी तिला विचारलं, घरच्याला आपण वाटणी देतो. हिला वाटणी देणार आहेस का? घरच्याला आजारपणात बिनपगारी घरी पाठवतो का? घरची माणसं आपण एका रात्रीत कमी करतो का? ज्या दिवशी काम जास्त असतं त्या दिवशी ती घरची असते आणि हिशोबाच्या दिवशी परकी होते. नाना बावीस वर्षं आमच्या घरचे होते. छापखाना विकून आलेल्या पैशांची घरात वाटणी झाली, तेव्हा नानांचं नाव कोणाच्या तोंडात आलं नाही. माझ्याही नाही.

यांनी नानांना उचल माफ केली ती मोठ्या मनाने. पण त्या वर्षी धंद्यात खोट असती तर? मनाचा मोठेपणा गल्ल्यावर अवलंबून असतो. नानांनी तो मागू शकतो असं नव्हतं. मला मात्र ग्रॅच्युइटीसाठी कोणाचे आभार मानावे लागले नाहीत, कोणाच्या पाया पडावं लागलं नाही. एकाच घरात राहून मी हक्काचं घेतलं आणि नानांना मर्जीचं दिलं. या दोन्हीत काय फरक आहे तो मला शहात्तराव्या वर्षी कळावा, याची लाज वाटते.

शेवटी मी भाचीला पत्र लिहून दिलं. तिने मागितलं होतं ते नाही, दुसरं. एक पान. वर गाळ्याचं नाव आणि तारीख. बाईचं नाव, पत्ता. काम कोणतं. वेळ कोणती, मधली सुट्टी किती. आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी. पगार किती, कोणत्या तारखेला, बँकेत की रोख. जादा कामाला दुप्पट. सोडायचं असेल तर तीस दिवस आधी दोघांनीही एकमेकांना सांगायचं. दिवाळीचा पूर्ण हंगाम काम केल्यास ठरलेली जादा रक्कम. ही शेवटची ओळ भाचीच्या अडचणीसाठी माझ्या डोक्यातून निघाली. पगार दाबून माणूस धरून ठेवण्यापेक्षा थांबण्याचे पैसे द्यावेत. शेजारी पाचशे जास्त देतो ना, मग तू सातशे दे, पण हंगाम संपल्यावर. दोन प्रती, दोघींच्या सह्या, एक प्रत बाईकडे. बाईला वाचता येत नसेल तर सहीआधी मोठ्याने वाचून दाखवायचं, हेही तळाला लिहिलं.

भाचीने पत्र दोनदा वाचलं. म्हणाली, "मावशी, हे एकीला दिलं की बाकीच्या आठ जणी मागतील."

"मग दे."

"जुन्या आहेत त्या. कधी मागितलं नाही त्यांनी."

"नानांनीही मागितलं नव्हतं," मी म्हटलं. तिला नानांचं सगळं सांगितलं. बेरजेचा कागद दाखवला. ती काही बोलली नाही. फोल्डरमध्ये माझं पत्र ठेवलं, डबे घेतले आणि दुपारच्या गाडीने गेली.

परवा तिचा फोन आला. ईएसआयची चौकशी चालू आहे, सल्लागार बदलायचा विचार आहे, आणि नवीन बाई एक तारखेपासून येते आहे. पत्र दिलंस का, विचारलं तर "देते गं" म्हणाली. 'देते गं'चा अर्थ शिक्षकाला बरोबर कळतो. गृहपाठ झालेला नसतो, पण वही आणलेली असते. मी पुढच्या महिन्यात पुण्याला जाणार आहे, तेव्हा गाळ्यावर जाऊन बघेन. तिला हे सांगून ठेवलंय.

राहिलं माझं देणं. नाना २०११ साली गेले. त्यांची पत्नी आहे, मिरजेला मुलाकडे असते. मी घरात सांगितलं आहे की २८,८००तून ५,००१ वजा करून उरलेले २३,७९९ रुपये माझ्या पेन्शनीतून त्यांना नेऊन देणार. व्याज धरलं नाही, तेवढी ऐपत नाही. घरात दोन मतं आहेत. धाकटे दीर म्हणतात, वहिनी, त्या दाव्याची मुदत केव्हाच संपली, आता कोणी मागू शकत नाही, आणि दादा गेल्यावर त्याच्या कामात खोट कशाला काढायची? मुलगा म्हणतो, द्यायचेच असतील तर मदत म्हणून दे, देणं म्हणून नको, म्हणजे कोणाला कमीपणा नाही.

दोघंही हे वाचतील म्हणून इथेच उत्तर देते. भाऊजी, मुदत मागणाऱ्याची संपली. आणि बाळा, मदत म्हणून दिले तर ते पुन्हा शाल-श्रीफळच झालं. मी पाकिटात बेरजेचा कागदही ठेवणार आहे, वर्षं, दर, एकूण, आधी दिलेले वजा, बाकी. त्या बाईंनी मोजून घ्यावेत. मी समोर बसेन.